सगळ्यांनी नापास केलेला गेम तुम्हाला कधी आवडलाय का?

चौथा_गिअर

इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर आवरायला काढलंय. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या डिस्का निघाल्या. निम्म्यांवर बुरशीची नक्षी, पण एक धडधाकट : ‘ड्रायव्हर ३’. वर माझ्याच अक्षरात, निळ्या मार्करने, ‘चालते. हात लावू नये.’

मुलाने (वय १२) ती उचलली, मोबाइलवर नाव टाकलं आणि डिस्क वापस डब्यात ठेवत म्हणाला, “बाबा, ह्याचा आकडा हिरवा नाहीये.” मेटाक्रिटिक म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणारी साइट; तिथे ७५ किंवा वर असेल तर हिरवा रंग. त्याखालचं काही असलं तर तो डाउनलोडसुद्धा करत नाही. विषय संपला.

आता माझा गुन्हा सांगतो. २००५-०६ साली आमची अख्खी गल्ली ‘व्हाइस सिटी’ खेळायची. मीही खेळायचो. पण रात्री एकटा असलो की ‘ड्रायव्हर ३’ लावायचो. ह्या गेमला समीक्षकांनी धू धू धुतला होता, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. गाडीतून उतरला की हिरो पायाला प्लास्टर असल्यासारखा चालतो, नेमबाजी म्हणजे आनंदीआनंद, गाडी भिंतीत रुतून बसते. तोरा मात्र असा, की गेममध्ये जागोजागी ‘टिमी व्हर्मिसेली’ नावाचे इसम लपवलेले, दंडाला पोहायला शिकणाऱ्या पोरांचे हवेचे फुगे बांधून! का, तर ‘व्हाइस सिटी’चा हिरो टॉमी व्हर्सेटी, त्याला पोहता येत नाही. दुसऱ्याची अशी टिंगल करायची आणि स्वतः प्लास्टर घालून चालायचं.

पण त्यात फ्रान्समधलं नीस शहर होतं. मिशनं सोडून नुसतं भटकायचीही सोय होती. मी एखादी छोटी गाडी घ्यायचो आणि लाल सिग्नलला थांबत, कुणाला धक्का न लावता, अरुंद गल्ल्यांतून समुद्रापर्यंत यायचो. वळणावर गाडी कलायची ते वजन बोटांत कळायचं, आणि तेही की-बोर्डवर. जोरात वळलो तर चाकाची टोपी निघून घरंगळत जायची. मी गाडी थांबवून ती कुठवर जाते ते बघत बसायचो. खरा समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, आत्याच्या लग्नाला दादरला गेलो तेव्हा.

तर प्रश्न असा : खेळणारे आणि समीक्षक दोघांनीही नापास केलेला गेम तुम्हाला मनापासून आवडलाय का? आणि नेमकं काय आवडलं? ‘ज्याची त्याची आवड’ असं उत्तर देऊ नये, ते मलाही येतं.

शेव_परमल

पहिला! पोहे घेऊन बसलोय. जीरावण जास्त.

बारा_मिनिटं

प्रोजेक्ट आयजीआय, साल २०००, नॉर्वेच्या इनरलूप कंपनीचा. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. तिकडच्या समीक्षकांनी नेमकं ह्यावरच बोट ठेवलं. आणि त्यांच्याकडे तर लाइट जात नव्हती!

आमच्याकडे २००२ मध्ये यूपीएस होता, तो बारा मिनिटं टिकायचा. (आयडीचं रहस्य उघड.) अर्धा तास वाकून वाकून, पहारेकऱ्याची पाठ फिरायची वाट बघत आत शिरायचं, आतल्या कॉम्प्युटरवरून कॅमेरे बंद करायचे, आणि इतक्यात पंखा मंदावायला लागायचा. मग यूपीएसची टुंऽ टुंऽ. बाहेरून बाबा, “बंद कर आधी, बॅटरी बसेल!” मग लपणंबिपणं सोडून मी सरळ धावत सुटायचो. भोंगा वाजतोय, बराकीतून शिपाई निघताहेत, इकडे यूपीएस रडतोय. सेव्ह करता आलं असतं तर ह्यातलं काहीच झालं नसतं.

गराडू_गँग

बारा_मिनिटं, भिया, आयजीआयला नापास कोणी केला? इंदुरात असा एक सायबर कॅफे दाखव जिथे तो नव्हता. धागा नावडत्या गेमचा आहे, तू तर जावयाला घेऊन आलास.

बारा_मिनिटं

मान्य. पण तिकडे जावई नव्हता हो, इकडे येऊन झाला.

तर्कट

थोडं कडू बोलतो. असल्या धाग्यांत आवड कमी आणि मिरवणं जास्त असतं. ‘सगळ्यांना कळलं नाही ते मला कळलं’ ही गोष्ट माणसाला फार गोड लागते. वर वय. पंधराव्या वर्षी जे हाती लागलं ते सोन्याचंच वाटतं. चौथा_गिअर यांच्या जागी कुणीही असता आणि डब्यात कुठलीही डिस्क निघाली असती, तरी धागा हाच निघाला असता. वाईट गेम वाईट असतो. आपण चांगले दिवस आठवतो आणि गुण गेमला देतो.

चौथा_गिअर

तर्कट, वयाचं अर्धं मान्य. मिरवण्याचं साफ अमान्य. कुणापुढे मिरवणार? खालच्या मजल्यावरचा बंट्या जिन्यावर पाऊल वाजवत आला की मी आल्ट-टॅब करून ‘व्हाइस सिटी’ लावायचो. आणि डब्यात अजून नऊ डिस्का होत्या. त्यांच्यावर ‘हात लावू नये’ लिहिलेलं नव्हतं.

शेव_परमल

आल्ट-टॅब करून व्हाइस सिटी!! आईबापाच्या धाकाने लोक व्हाइस सिटी लपवायचे, ह्यांनी व्हाइस सिटीच्या मागे लपवलं. दंडवत.

आंद्रोमेडाची_आई

माझं उदाहरण ताजं आहे, त्यामुळे तर्कट यांना ‘चांगले दिवस’ म्हणता येणार नाही. दिवस बरे नव्हतेच.

‘मास इफेक्ट : आंद्रोमेडा’ मार्च २०१७ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यातच थट्टेचा विषय झाला. पात्रांचे चेहरे हलायचे नाहीत, डोळे काचेच्या गोट्यांसारखे. पुढे सुधारणा आल्या, पण एकट्याने खेळायच्या गोष्टीचा पुढचा भाग काही निघाला नाही. मी तो दोन वर्षांनी, सेलमध्ये, घेतला. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. ती साडेदहाला झोपायची आणि सव्वाअकराला उठायची, अगदी घड्याळ लावल्यासारखी. मला मिळायची ती पाऊण तासाची फट.

त्या फटीत मी काय करायची? सहा चाकांची एक गाडी आहे, नोमॅड. ती घेऊन ओसाड ग्रहावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायची, काहीतरी तपासायची, परत. लोकांनी ‘कंटाळवाणी हमाली’ म्हणून ज्याला शिव्या घातल्या ते नेमकं हेच. पण समीक्षकाला साठ-सत्तर तासांचा गेम आठवड्याभरात उरकून लिहायचा असतो. सलग बसलं की पाचव्या दिवशी तो हमाली म्हणणारच. मी तो सात महिने खेळले. रोज एक फेरी. आपण लोणच्याची बरणी एका बैठकीत संपवून ‘फार खारट बुवा’ असं म्हणतो का?

आणि चेहरे हलत नाहीत म्हणाल तर, रात्री साडेदहाला माझाही हलत नव्हता.

गराडू_गँग

शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या.

पुण्यात_अडकलेली

अवांतर : धाग्यात ‘वापस’ वाचून डोळे पाणावले. इथे ऑफिसात मी “डबा वापस दे” म्हटलं तर शांतता पसरते. बारा वर्षं झाली, अजून ‘परत’ पटकन तोंडात येत नाही.

शेव_परमल

अवांतराला अवांतर : पुण्यात पोह्यांवर शेव मागून बघा, त्याहून गाढ शांतता पसरते.

पुण्यात_अडकलेली

आणि जिलेबी मागितली तर बिल आणून ठेवतात.

उजाड_ग्रह

पोह्यांवरून धागा पळायच्या आत माझंही.

‘नो मॅन्स स्काय’, ऑगस्ट २०१६. १८ च्या पुढे अठरा शून्यं एवढे ग्रह, आणि लोकांची तक्रार की करायला काहीच नाही. वचन दिलेल्या कितीतरी गोष्टी नव्हत्या, दुसरा खेळाडू भेटतच नव्हता. राग रास्त होता. पुढे बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट भर घातली : त्याच वर्षी घर बांधणं आलं, २०१८ मध्ये एकत्र खेळणं आलं. आज तो गेम पुनर्जन्माचं उदाहरण म्हणून सांगतात.

माझी अडचण उलटी आहे. मला तो मेलेलाच आवडायचा. उतरायचं, चालायचं, एखादं जनावर दिसलं तर त्याला नाव द्यायचं (माझ्या एका ग्रहावर ‘विमलकाकू’ चरतात), आणि उडून जायचं. कुणी नाही, काही बांधायचं नाही. नंतर एकेक अपडेट येत गेलं तसं ते गजबजत गेलं. लोक म्हणायचे बघ किती सुधारला. मला वाटायचं, माझ्या रिकाम्या मैदानावर कॉलनी झाली.

पण एक युक्ती सापडली. माझ्याकडे प्लेस्टेशन ४ची डिस्क आहे, आणि डिस्कवर २०१६ चाच गेम आहे. कन्सोलवरचा गेम काढून टाकला, वायफाय बंद केलं, डिस्कवरून पुन्हा घातला. आला की म्हातारा जसाच्या तसा! आता त्या कन्सोलला मी नेट दाखवतच नाही. बायको विचारते हा डबा का जोडत नाहीस. तिला सांगितलं, पथ्य आहे.

तर्कट

उजाड_ग्रह, हे पटलं नाही पण आवडलं. आंद्रोमेडाची_आई यांचा घड्याळाचा मुद्दा मात्र पटला. त्यावर विचार करून येतो.

रेव्हर्स_गिअर

बाजूला व्हा, खरा नापास विद्यार्थी येतोय. ‘बिग रिग्स : ओव्हर द रोड रेसिंग’, २००३. मेटाक्रिटिकवर १०० पैकी ८. आठ! गेमस्पॉट ह्या समीक्षेच्या साइटने १० पैकी १ दिला, त्याच्या खाली त्यांच्याकडे आकडाच नव्हता.

शर्यत आहे, पण समोरचा ट्रक जागचा हलत नाही. इमारतीतून आरपार जाता येतं. पुलावरून गेलात तर पुलातून खाली. उभ्या डोंगरावर ट्रक सरळ चढतो. आणि रिव्हर्समध्ये वेगाला मर्यादाच नाही, दाबून धरा, आकडा वाढतच जातो. सोडलं की जागच्या जागी थांबतो. जिंकल्यावर चषक येतो आणि त्याच्यावर इंग्रजीचा मुडदा पाडून लिहिलेलं असतं, ‘तू विजेता’सारखं काहीतरी. मग दुरुस्तीचा पॅच आला. आता समोरचा ट्रक धावतो, पण शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबून तुमची वाट बघतो. एवढा सभ्य प्रतिस्पर्धी मी आयुष्यात पाहिलेला नाही.

आम्ही हॉस्टेलवर स्पर्धा लावायचो, रिव्हर्समध्ये कोण किती आकडा नेतो. हरणाऱ्याने सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळ्यांना भुट्ट्याचा कीस.

आंद्रोमेडाची_आई

रेव्हर्स_गिअर, पोट दुखलं हसून. पण ही आवड नव्हे हो, ही टवाळी. एकटे असताना लावता का कधी?

रेव्हर्स_गिअर

…नाही. एकट्याने पाच मिनिटं होत नाही. पकडलंत.

अण्णा_स्नेहलतागंज

मी ह्या धाग्यात वयाने सगळ्यात मोठा असेन. लांबेल, सांभाळून घ्या.

१९८४ च्या सुमारास थोरला भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा अटारी २६०० घेऊन आला. सोबत सहा कार्ट्रिज, त्यांत ‘ई.टी.’ होता, त्याच नावाच्या सिनेमावरचा. तिकडे तो तेव्हा कवडीमोलाने विकत होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हावर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्या एकाच माणसाने १९८२ च्या नाताळसाठी तो जेमतेम पाच आठवड्यांत बनवला. पुढे न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे कचराभूमीत पुरला, आणि २०१४ मध्ये उकरून काढला तेव्हा त्यात ‘ई.टी.’ची कार्ट्रिज सापडली. आजही जगातला सर्वांत वाईट गेम म्हणून पहिलं नाव त्याचंच घेतात.

आता आमच्याकडची कथा. मशीन ११० व्होल्टचं, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर आणला. टीव्ही आपल्या पद्धतीचा, गेम त्यांच्या पद्धतीचा. चित्र आलं ते कृष्णधवल, आणि एकसारखं वर सरकणारं. टीव्हीच्या पाठीमागचं बटण पिळून ते कसंबसं थांबवलं. आवाज आलाच नाही. म्हणजे माझा ई.टी. मुका आणि राखाडी.

पण खोक्यात माहितीपुस्तिका होती. मी नववीत, शब्दकोश घेऊन ती ओळ न् ओळ वाचली. पडद्याच्या वरच्या पट्टीत जी चिन्हं येतात ती, तुम्ही उभे आहात त्या जागी काय करता येईल ते सांगतात. टेलिफोनचे तीन तुकडे शोधायचे, घरी फोन लावायचा, यान येईल तिथे वेळेत पोचायचं. खड्ड्यात पडलात तर मान लांब करून तरंगत वर यायचं. लोकांचा सगळा राग त्या खड्ड्यांवर आहे, आणि वर आल्या आल्या पुन्हा पडायला होतं हे खरंच. पण पुस्तिका न वाचता तो लावणं म्हणजे नियम न ऐकता ब्रिजला बसणं. मी तो अनेकदा पूर्ण केला. वहीत खड्ड्यांचे नकाशे काढले होते.

जेल रोडवरच्या पन्नास रुपयांच्या डिस्कांबरोबर तुम्हा मंडळींना पुस्तिका कधी मिळाली का? तुमचे किती गेम त्यापायी नापास झाले असतील, हा माझा प्रश्न.

बारा_मिनिटं

अण्णा, नमस्कार. आम्हाला डिस्कबरोबर मिळायची ती नोटपॅडची फाइल, त्यात सीरियल नंबर आणि चोरांची सही. आयजीआयमध्ये नकाशा जवळ ओढता येतो हे मला तिसऱ्या मिशनला शेजाऱ्याने सांगितलं.

पुण्यात_अडकलेली

अण्णा, ती वही आहे का अजून? फोटो टाका ना, प्लीज.

अण्णा_स्नेहलतागंज

वही आईने रद्दीत घातली, १९८७. अटारी अजून आहे. ट्रान्सफॉर्मर जळला.

बारीक_पाऊस

‘डेडली प्रीमोनिशन’चं नाव अजून कसं नाही आलं? २०१०. आयजीएन ह्या साइटने १० पैकी २ दिले, डिस्ट्रक्टॉइड ह्या दुसऱ्या साइटने १० पैकी १०. त्याच वर्षी, त्याच गेमला. एवढे टोकाचे गुण मिळाले म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. आधी हे वाचलं, मग गेम घेतला, आणि तेव्हा मी चाळिशीला आले होते. तर्कट यांनी नोंद घ्यावी.

मारामारी रटाळ, चित्रं जुनाट, नकाशा बघायचा तर डोकं फिरतं. पण यॉर्क नावाचा तो एफबीआयवाला! रोज दाढी केली नाही तर वाढते. सूट धुतला नाही तर अंगाभोवती माशा घोंगावतात. गाडीत पेट्रोल भरावं लागतं. गावातला प्रत्येक माणूस आपापल्या वेळेनुसार कामाला जातो, जेवतो, घरी येतो. तुम्ही खिडकीतून डोकावून बघू शकता, आणि बघितलं तर आत तो खरोखर जेवत असतो. लांबच्या रस्त्यावर यॉर्क गाडी चालवता चालवता मनातल्या मित्राशी जुन्या सिनेमांबद्दल बोलत राहतो. मुक्कामाला पोचले तरी गाडी थांबवायची नाही मी, बोलणं तुटेल म्हणून.

तेव्हा आमची बदली अशा गावात झाली होती, जिथे मी कुणालाच ओळखत नव्हते. सकाळी पोह्यांना कोण येतं, दुकानाचं शटर कोण कधी उघडतं, एवढंच गॅलरीतून बघायची. खेळातही तेच करत होते. दोन आणि दहा, दोन्ही गुण मी देईन. मधले पाच दिले तर मात्र त्या गेमवर अन्याय होईल.

गराडू_गँग

‘डेझर्ट बस’ राहिला. १९९५ चा, तेव्हा बाजारात आलाच नाही. टूसान ते लास व्हेगास, बस ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही, खरेखुरे आठ तास लागतात. पॉज नाही. बस सतत थोडी उजवीकडे ओढते, म्हणून हात सोडता येत नाही. पोचलात की एक गुण. रस्ता सोडलात तर टोइंगवाला वापस टूसानला आणतो, तोही खऱ्या वेळात. २००७ पासून लोक दरवर्षी हा खेळून लहान मुलांसाठी देणग्या गोळा करतात.

मी इंदूर-पुणे स्लीपर वर्षातून सहा वेळा करतो. बिजासन घाटात ट्रक आडवा पडला की आठ तास तिथेच जातात. मला एक गुणसुद्धा कोणी देत नाही.

पुण्यात_अडकलेली

धुळ्याचा चहा मिळतो की.

गराडू_गँग

त्याचे उणे दोन.

तर्कट

विचार करून आलो. आधी एक कबुली. ‘नीड फॉर स्पीड : प्रोस्ट्रीट’, २००७. ‘मोस्ट वाँटेड’नंतर लोकांना पोलिसांचा पाठलाग आणि रात्रीचं शहर हवं होतं. ह्याने पोलीस काढले, शहर काढलं, भर उन्हात ट्रॅकवर कायदेशीर शर्यती लावल्या. लोक भडकले. मी त्यात १३० तास घातलेत. गाडी आपटली की दुरुस्तीला पैसे जायचे, म्हणून वळण खरंच सांभाळून घ्यावं लागायचं.

पण माझं म्हणणं तरीही बदललेलं नाही. प्रोस्ट्रीट वाईट नव्हताच, त्याच्यावरचं नाव चुकलं होतं. श्रीखंड म्हणून कढी वाढली तर माणूस तोंड वेडंवाकडं करणारच, त्यात कढीचा दोष नाही. बारीक_पाऊस यांचा गेम, अण्णांचा ई.टी., सगळे ह्याच जातीचे. खरोखर वाईट गेम ह्या धाग्यात एकच आला, ट्रकवाला, आणि तो एकट्याने कोणीच खेळत नाही. म्हणजे वाईट गेम कोणालाच आवडत नाही. सिद्ध.

बारीक_पाऊस

आवडला तो वाईट नव्हता, आणि वाईट तो आवडलेला नाही. अशा व्याख्येत कोणीही सिद्ध करेल हो!

उजाड_ग्रह

आणि ‘ड्रायव्हर ३’? त्याचं नाव तर बरोबर होतं. गाडीच चालवायची होती.

तर्कट

…त्याच्यावर येतो उद्या.

चौथा_गिअर

उद्यापर्यंत कशाला, रविवारचा अहवाल देतो.

मेव्हण्याच्या ऑफिसात एक विंडोज एक्सपीवालं मशीन अजून जिवंत आहे, जुने हिशेब उघडायला ठेवलेलं. तिथे डिस्क घातली. ड्राइव्हने आधी घरघर केली, मग चालली. पोरगा शेजारी खुर्ची ओढून बसला, म्हणाला आधी मी. दहाव्या मिनिटाला त्याने गाडी भिंतीत घातली, अर्धी आत, अर्धी बाहेर, चाकं हवेत फिरताहेत. तो एवढा हसला की मेव्हणा आतून बघायला आला. मला जरा लागलं, खरं सांगतो. आंद्रोमेडाची_आई, ती टवाळीच होती.

मग मी घेतलं. नीस, छोटी पांढरी गाडी. बोटांना वीस वर्षांनी वळणं आठवत होती, मेंदूला नव्हती. खाली येताना सिग्नल लाल झाला, मी थांबलो. पोरगा बघत राहिला.

“बाबा, थांबलात का?”

“लाल आहे.”

“पोलीस तर नाहीये.”

“नाहीये.”

“सिग्नलला थांबायचं असेल तर पलासियाला जाऊ की खरंखुरं.”

मी काही बोललो नाही. हिरवा झाला, निघालो. पुढच्या वळणावर चाकाची टोपी सुटली आणि उताराला लागली. मी गाडी थांबवायच्या आत तोच म्हणाला, “थांबा थांबा, कुठे जाते बघू.”

शेव_परमल

मग? कुठे गेली?

चौथा_गिअर

फुटपाथच्या कडेला आपटून आडवी पडली. मग गायब.

बारा_मिनिटं

त्या डिस्कची इमेज काढून ठेव भिया, बुरशी लागायच्या आत. माझ्याकडे ड्राइव्ह आहे, शनिवारी घेऊन येतो.

अण्णा_स्नेहलतागंज

येताना ११० चा ट्रान्सफॉर्मर जेल रोडवर अजून मिळतो का तेवढं बघाल?